धम्म सहलीला निघालेले ज्येष्ठ आणि प्रवास विमा

वर्षावास संपला की आपल्या वस्त्यांमध्ये धम्म सहलींचे फलक लागतात. बोधगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, सारनाथ. राहणे-जेवण धरून माणशी अमुक रक्कम. नावे नोंदवायला पुढे येतात ते बहुतेक साठीच्या पलीकडचे उपासक-उपासिका. कुणी नगरपालिकेतून निवृत्त झालेला सफाई कामगार, कुणी आयुष्यभर धुणीभांडी करून भिशीत पैसे साठवलेली आजी. त्यांच्यासाठी ही सहल म्हणजे हौस नव्हे, कित्येक वर्षे उराशी बाळगलेली इच्छा असते.

सहल काढणारे कार्यकर्ते आम्हाला अलीकडे हमखास विचारतात : या ज्येष्ठांचा प्रवास विमा काढावा का? काही आयोजक पत्रकावर ‘विम्यासह’ असे छापूनही टाकतात. प्रश्न योग्य आहे. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरत नाही, कारण ‘प्रवास विमा’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी म्हाताऱ्या माणसाच्या खऱ्या अडचणीला हातही लावत नाहीत.

सगळ्यात स्वस्त विम्यापासून सुरुवात करू. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ई-तिकीट काढताना ४५ पैशांत विमा घेता येतो. पन्नास जणांच्या सहलीचा एका बाजूचा खर्च साडेबावीस रुपये. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर १० लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आले तर साडेसात लाख, जखमीच्या रुग्णालय खर्चासाठी २ लाखांपर्यंत आणि पार्थिव नेण्यासाठी १० हजार रुपये अशी त्याची रचना आहे. साडेबावीस रुपयांत हे मिळत असेल तर घ्यायलाच हवे. मात्र तिकिटे एजंटाकडून काढली असतील तर त्याने हा पर्याय निवडला होता का, ते विचारा. विमा घेतल्यावर कंपनीकडून येणाऱ्या लिंकवर नॉमिनीचे नावही भरावे लागते. पन्नास जणांचे तिकीट एकाच कार्यकर्त्याच्या मोबाइलवरून निघते, लिंकही त्याच मोबाइलवर येते आणि इतर मेसेजच्या ढिगात पडून राहते.

आता याची मर्यादा पाहा. हा विमा गाडीच्या अपघाताचा, किंवा गाडीतून पडणे, दरोडा, दंगल अशा घटनांचा आहे. गाडी सुटल्यापासून तिकिटावरचे स्टेशन येईपर्यंत तो लागू असतो. राजगीरला गृध्रकूटाच्या पायऱ्यांवर पाय घसरला तर तो लागू नाही. बोधगयेत पहाटेच्या गारठ्यात छातीत दुखू लागले तरीही नाही.

आणि सहलीत ज्येष्ठांना होते ते नेमके हेच. पौष-माघातली उत्तर भारतातली थंडी आपल्याकडच्या माणसाला सोसत नाही. धुक्यामुळे गाड्या आठ-आठ तास उशिरा धावतात, जेवणाच्या वेळा चुकतात, साखर खाली जाते. रक्तदाबाच्या गोळ्या मोजून दहा दिवसांच्या आणलेल्या असतात आणि प्रवास लांबतो. पाणी बदलते, जुलाब लागतात. लघवीला जावे लागू नये म्हणून कितीतरी स्त्रिया बसमध्ये पाणीच पीत नाहीत. त्याचा त्रास दोन दिवसांनी दिसतो. यातले काहीच ‘अपघात’ नाही. देशांतर्गत प्रवासासाठी मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त पॉलिसींचा गाभा मात्र अपघात हाच असतो. जोडीला सामान हरवणे, विमान चुकणे वगैरे. आपल्या आजीच्या पिशवीत विमा उतरवण्यासारखे काय असते? दोन पातळे, एक स्वेटर आणि औषधांचा डबा.

म्हणून भारतातल्या भारतात सहल असेल तर आमचे स्पष्ट मत असे की महागडा प्रवास विमा शोधण्याआधी आयुष्मान कार्ड हातात आहे का ते बघा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे मोफत उपचार लागू झाले. त्यासाठी वेगळे ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड निघते, आधारवर वय दिसले की पुरते. आधीपासून असलेले आजार यात पहिल्या दिवसापासून धरले जातात आणि हे कार्ड बिहार-उत्तर प्रदेशातल्या अंगीकृत रुग्णालयांतही चालते. सत्तरीतल्या मधुमेही माणसाला अशा अटींवर विमा देणारी खासगी कंपनी शोधून दाखवा! अर्थात दाखल व्हावे लागले तरच लाभ आहे; नुसती तपासणी आणि गोळ्यांचे पैसे खिशातूनच जातात. रुग्णालयात ‘आरोग्य मित्र’ नावाचा कर्मचारी असतो, आधी त्याला गाठायचे. अडले तर १४५५५ हा मदत क्रमांक आहे.

पेच आहे तो ६० ते ६९ वयाच्या मंडळींचा. त्यांना आयुष्मान मिळते ते कुटुंब पात्रतेच्या यादीत असेल तर. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आपल्याकडे आहे, पण तिची अंगीकृत रुग्णालये प्रामुख्याने महाराष्ट्रातली. त्यामुळे नागपूर किंवा नांदेडचा ६४ वर्षांचा उपासक गयेत आजारी पडला तर त्याच्या पाठीशी बहुधा काहीच नसते. या गटासाठी आजारपणात रुग्णालयाचा खर्च देणारी पॉलिसी शोधण्यात अर्थ आहे. निदान अपघातापुरती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी प्रत्येकाच्या बँक खात्यावर सुरू असावी. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, वयाची मर्यादा ७० वर्षे. ही योजना सहलीपुरती नसते, वर्षभर चालते.

सहल सोनौलीची सीमा ओलांडते तेव्हा चित्र पालटते. लुंबिनी नेपाळमध्ये आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी तिथे जाताना परदेशी चाललोय असे कुणाला वाटत नाही. व्हिसा लागत नाही, ६५ वर्षांवरील माणसाला तर वय आणि ओळख पटवणारे फोटोचे सरकारी ओळखपत्र पुरते. पण आयुष्मान कार्ड कमानीच्या अलीकडेच थांबते. आपल्या बसचा विमाही थांबतो! भारतीय वाहनाचा विमा नेपाळात लागू व्हायचा तर जादा हप्ता भरून पॉलिसीचे भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावे लागते. बसमालकाला हे माहीत असते, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही. बस ठरवताना विम्याची प्रत मागून घ्या, त्यावर नेपाळचा उल्लेख आहे का ते वाचा. आणि स्वस्तात पडते म्हणून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने नेऊ नका. खासगी वापराच्या गाडीतून भाड्याचे प्रवासी नेले की अपघातानंतर विमा कंपनीला हात झटकायला आयते कारण मिळते.

लुंबिनीचा मुक्काम एका दिवसाचा असेल तर प्रत्येकासाठी परदेश प्रवास विमा घ्यावाच, असा आग्रह आम्ही धरणार नाही. लुंबिनीहून सोनौली साधारण २५ किलोमीटर, तिथून गोरखपूर जवळपास शंभर. ज्याला हृदयविकार आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्यासाठी मात्र हे अंतर फार आहे. पुढे काठमांडूला जाणार असाल, किंवा सहल श्रीलंका, थायलंडची असेल, तर विम्याशिवाय ज्येष्ठांना नेऊ नये. परक्या देशात रुग्णालय आधी पैसे मागते, पार्थिव आणायची वेळ आली तर तो खर्च कामगार कुटुंबाला वर्षानुवर्षे फेडत बसावा लागतो. परदेश प्रवास विम्यात आजारपण, रुग्णाला हलवणे, पार्थिव परत आणणे या तिन्ही गोष्टी साधारणपणे असतात. तो भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

घेताना जाहिरातीतला मोठा आकडा पाहू नका. समजा, ६८ वर्षांच्या उपासिकेच्या पॉलिसीवर ५० हजार डॉलर लिहिले आहे. आतल्या पानांवर ठराविक वयापुढच्यांसाठी खोलीभाडे, शस्त्रक्रिया, आयसीयू यांच्या वेगळ्या, बऱ्याच खालच्या मर्यादा असू शकतात. सुरुवातीची काही रक्कम आपण भरायची, अशी अट असते. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम आधीपासूनच्या आजारांचे. काही पॉलिसींत ते पूर्ण वगळलेले असतात. काहींत जिवावर बेतले तरच, तेही ठराविक रकमेपर्यंत धरले जातात. उतारवयात बहुतेकांना साखर नाहीतर रक्तदाब असतोच. तेव्हा हे कलम वगळून घेतलेला विमा म्हणजे पावसाळ्यात घरी ठेवलेली छत्री. दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील, पण हे कलम असलेलीच पॉलिसी घ्या.

इथेच एजंट सल्ला देतो, “शुगर लिहू नका, हप्ता वाढेल.” हे ऐकू नये. दावा आला की कंपनी जुनी कागदपत्रे मागते, आणि दहा वर्षांपासून चालू असलेली गोळी लपत नाही. खोटे लिहून घेतलेली पॉलिसी ऐनवेळी नाकारली जाते. भरलेला हप्ताही जातो आणि रुग्णालयाचे बिलही उरते. मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण दर पौर्णिमेला घेतो, ते अर्ज भरतानाही पाळायचे असते, एवढेच म्हणू.

घरातून होणारा विरोध वेगळ्या जातीचा असतो. “चांगल्या कामाला निघालोय, आधीच वाईट का बोलता?” बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातही हे वाक्य आम्ही ऐकले आहे. अशा वेळी महापरिनिब्बान सुत्तातली हकिगत सांगावी. तथागत ऐंशी वर्षांचे होते, वैशालीजवळ बेलुव गावी वर्षावासात गंभीर आजारी पडले, पावा येथे चुंदाकडच्या भोजनानंतर पुन्हा आजारी झाले आणि वाटेत थांबत, आनंदाला पाणी आणायला सांगत कुशीनाऱ्याला पोहोचले. आपल्या थकलेल्या देहाला त्यांनी कशीबशी बांधून चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली होती. म्हातारपण आणि आजार यांचे नाव घेणे त्यांना अशुभ वाटले नाही. बाबासाहेब १९५६ च्या नोव्हेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले तेव्हा ६५ वर्षांचे होते, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर होते. सारनाथ, कुशीनगर करून ते दिल्लीला परतले आणि थोड्याच दिवसांत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. याच वाटेवरून आपले ज्येष्ठ जात असतात.

विम्याकडे बाबासाहेबांनी कधी चैनीची बाब म्हणून पाहिले नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी विमा व्यवसाय पूर्णपणे शासनाच्या ताब्यात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. आजचा बाजार याच्या नेमका उलट चालतो. ज्याला गरज जास्त, त्याचा हप्ता जास्त आणि मर्यादाही जास्त. साठ ते सत्तरच्या गटाला आयुष्मानमध्ये घ्या, ही मागणी धम्म परिषदांच्या ठरावांत यायला हवी, असे आम्हाला वाटते. दर डिसेंबरला चैत्यभूमीवर निवेदने दिली जातात, त्यातही हा मुद्दा बसतो.

तोवर आयोजकांनी नोंदणीच्या अर्जातच चार रकाने वाढवावेत : वय, चालू औषधे, आयुष्मान कार्ड आहे का, घरच्या माणसाचा फोन. ज्यांचे कार्ड नाही त्यांचे निघण्याच्या महिनाभर आधी काढून घ्यावे. वस्तीतल्या मोबाइल चालवणाऱ्या पोरांना हे काम एका रविवारी जमते. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभराची जास्त घ्यायला लावावीत. प्रत्येक मुक्कामाजवळचे अंगीकृत रुग्णालय आधीच शोधून बसमध्ये यादी लावावी; कुशीनगरसाठी गोरखपूर, श्रावस्तीसाठी बलरामपूर अशी.

विमा घेतला असेल आणि कुणी दाखल झाले, तर त्याच दिवशी कंपनीला फोन करून दाव्याचा क्रमांक घ्या. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, रिपोर्ट, प्रवासाची तिकिटे एका पिशवीत ठेवा. परतल्यावर कागद गोळा करणे फार अवघड जाते. कंपनीने दावा नाकारला, किंवा लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, शुल्क नाही, वकील लागत नाही. नकाराचे पत्र आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणून ते पत्र जपून ठेवा.