मागील वर्षाचा आढावा आणि नवी उद्दिष्टे

वर्ष संपताना आपण संकल्प करतो. परंतु मागील वर्षी ठरवले किती आणि प्रत्यक्ष झाले किती, हे क्वचितच मांडून पाहतो. या पाठात आपण पाहू की, नवे उद्दिष्ट ठरवताना इच्छेपेक्षा ही जुनी नोंद अधिक उपयोगी का असते.

अंदाज का चुकतो?

काम प्रत्यक्षात लागणाऱ्या वेळेपेक्षा लवकर संपेल, असे मानण्याच्या प्रवृत्तीला डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ असे नाव दिले. १९९४ मध्ये बुहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात ५५ दिवसांहून अधिक लागले. ‘सगळेच बिघडले तर किती?’ याचे उत्तरही सुमारे ४९ दिवस, म्हणजे कमीच ठरले. कारण, अंदाज करताना आपले लक्ष पुढच्या योजनेवर असते. मागचा उशीर ‘अपवाद’ म्हणून सोडून दिला जातो.

आढावा कसा घ्यावा?

वहीत तीन रकाने करा: ठरवले, झाले, कारण.

उदाहरण: समजा, बॅकलॉग राहिलेल्या गणिताला ४० तासांचा अभ्यास हवा आहे आणि परीक्षेला ६ आठवडे आहेत. मागील सत्रात तुम्ही आठवड्याला १० तास ठरवले होते, झाले ४.

ठरवल्याप्रमाणे लागणारा वेळ = ४० ÷ १० = ४ आठवडे
नोंदीप्रमाणे लागणारा वेळ = ४० ÷ ४ = १० आठवडे

म्हणजे जुन्याच गतीने गेल्यास विषय पुन्हा राहील. ६ आठवड्यांत संपवण्यासाठी आठवड्याला सुमारे ७ तास हवेत. तेव्हा ‘खूप अभ्यास करीन’ हे उद्दिष्ट नव्हे. आठवड्याला ३ तास जास्तीचे कोठून काढायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तिसऱ्या रकान्यात सापडते.

कारणावर उपाय

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘जर-तर’ पद्धतीची योजना सुचवली आहे. समजा, कारण ‘जेवणानंतर मोबाईल’ असे असेल, तर लिहा: “रात्री मेसमधून परतलो, की मोबाईल कपाटात ठेवून आधी दोन गणिते सोडवीन.” वेळ आणि कृती आधीच ठरल्यामुळे ऐनवेळी विचार करावा लागत नाही.

लक्षात ठेवा, १० पैकी ४ ही तुमच्या कुवतीची मोजणी नाही. ती एका सत्राची नोंद आहे आणि ती बदलता येते.

स्वाध्याय: मागील सत्रातील कोणतेही एक उद्दिष्ट घेऊन वरील तीन रकाने भरा.