वही कोणाची?

न्यूनेन म्हणजे आइंडहोवनला अगदी खेटून असलेलं गाव. व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८३ ते १८८५ या काळात इथे राहिला आणि 'बटाटे खाणारे' हे चित्र त्याने इथेच रंगवलं. आम्हां मराठी मंडळींचा इथला उद्योग मात्र साधा: रविवारी मुलांना मराठी शिकवायचं.

या वर्गासाठी एका ताईंनी धड्यांची वही तयार केली. मग कुणी गोष्टी घातल्या, कुणी चित्रं काढली, कुणाच्या आईने पुण्याहून म्हणी लिहून पाठवल्या. पुढे ताईंच्या यजमानांची बदली झाली. नव्या बाईंनी चार धडे बदलायला घेतले, तेव्हा कुणीतरी विचारलं, "ताईंना विचारलंत का?" त्याच सुमारास दुसऱ्या गावातल्या वर्गाने वहीची प्रत मागितली. द्यायची की नाही? तीन रविवार चर्चा झाली, चहा निवला, आणि मनं थोडी आंबट झाली. वही सगळ्यांची होती, म्हणूनच ती कोणाची हे कुणालाच सांगता येईना!

मी इंजिनिअर माणूस. रोजच्या कामात फुकट मिळणारं, स्वयंसेवकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरतो. म्हटलं, हजारो माणसं एकमेकांचं तोंडही न बघता एकत्र काम करतात, ती हा प्रश्न कसा सोडवतात?

पायथन ही भाषा आपल्या शेजारचीच. अॅमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत काम करताना खिदो फान रॉसम यांनी ती लिहिली आणि १९९१ साली लोकांना दिली. तिथे कुणालाही मोठा बदल हवा असेल तर आधी लेखी प्रस्ताव मांडावा लागतो: काय बदलायचं, का, आणि विरोधी मुद्दे कोणते. शेवटचा शब्द बरीच वर्षं खिदोंचा होता. २०१८ मध्ये अशाच एका प्रस्तावावरच्या वादानंतर ते कंटाळून बाजूला झाले. काम मात्र थांबलं नाही. २०१९ पासून निवडून आलेल्या पाच जणांची समिती कारभार पाहते. घरातला कर्ता माणूस उठून गेला तरी घर चालतं, ते आधी लिहून ठेवलेल्या रीतीमुळे.

डेबियन हा १९९३ साली सुरू झालेला दुसरा प्रकल्प. त्याला चक्क घटना आहे! नेता दरवर्षी निवडतात, मत देताना पसंतीचा क्रम लावतात, आणि नेत्याचा निर्णयसुद्धा सभासद मतदानाने फिरवू शकतात.

आता आपल्या वहीकडे येऊ. सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणाऱ्या पुस्तिकाही स्वयंसेवकच लिहितात. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००० साली अशा पुस्तिकांसाठी वेगळा परवाना काढला. त्यात एक खोच होती. लेखकाला काही भाग 'कायम' ठरवता येई, म्हणजे पुढच्या कुणीही ते बदलायचे नाहीत. डेबियनवाल्यांना हे पटेना. बदलता येत नाही ते मोकळं कसलं? २००६ साली त्यांनी मतदान घेऊन ठरवलं की असे कायम भाग नसलेल्या पुस्तिकाच आम्ही मुक्त मानू.

दुसरी अडचण विकिपीडियाला आली. आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला, तोही याच परवान्याखाली. पण त्या परवान्याप्रमाणे प्रत्येक प्रतीबरोबर परवान्याचा अख्खा मजकूर द्यावा लागे. म्हणजे पुरणपोळीची एका पानाची कृती छापायची तर मागे कायद्याची पानंच्या पानं! २००९ साली जगभरच्या विकिपीडियाकर्त्यांचं मत घेतलं. सुमारे ७५ टक्के लोकांनी बदलाला कौल दिला, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा सुटसुटीत परवाना आला. त्याचा सारांश इतकाच: वापरा, बदला, वाटा, मूळ लेखकांना श्रेय द्या, आणि बदललेलंही याच अटींवर पुढे द्या. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश याच अटींवर खुला केला.

आम्हीही हाच रस्ता धरला. पण दुसऱ्याचं लेखन आपण परस्पर मोकळं करू शकत नाही. म्हणून ताईंना आणि वहीत भर घालणाऱ्या प्रत्येकाला फोन केले. ताई हसून म्हणाल्या, "अहो, मी वाटच बघत होते कुणीतरी विचारण्याची." सगळ्यांनी होकार दिला. पाठ्यपुस्तकातून उतरवून घेतलेल्या दोन कविता मात्र काढाव्या लागल्या. त्या मुलांच्या आवडत्या होत्या, पण आमच्या नव्हत्याच. वाईट वाटलं, इलाज नव्हता.

आता पहिल्या पानावर तीनच गोष्टी आहेत: लिहिणाऱ्या सर्वांची नावं, परवान्याचं नाव, आणि बदल कसा करायचा त्याची रीत. प्रस्ताव लिहून द्यायचा, पंधरा दिवस थांबायचं, आणि हरकत आली तर पालकांनी मत द्यायचं. दुसऱ्या गावच्या वर्गाला प्रत गेली. महिन्याभराने ती परत आली, तीन नव्या गोष्टी घालून!

वाचकहो, तुमच्या मंडळातही गणपतीच्या नाटुकल्यांची, पाककृतींची, धड्यांची अशी एखादी वही असेलच. ती लिहिणारी माणसं अजून फोनवर सापडतात तोवर पहिलं पान लिहून टाका.