खैर तोडला की उत्पन्न, उभा असला की शून्य

चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याचं नाव निघालं की कोकणात कात आठवतो. साल आणि पांढरा भाग काढलेले खैराचे सोलीव ओंडके कारखान्यात येतात. आतल्या लालसर गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळतात, काढा आटवतात आणि तो थंड झाला की कॅटेचिन कणाकणाने वेगळं होतं. विड्याला रंग चढवणारा कात तो हाच. या प्रवासातला प्रत्येक टप्पा देशाच्या उत्पन्नात मोजला जातो. लाकडाची विक्री वनक्षेत्रात, ट्रकचं भाडं वाहतुकीत, कात कारखानदारीत आणि पानाची टपरी व्यापारात. तोच खैर डोंगरावर उभा असताना माती धरून ठेवत होता, पावसाचं पाणी जमिनीत मुरायला मदत करत होता. त्याची नोंद या उत्पन्नात कुठेच नाही.

राष्ट्रीय हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत याहून मजेशीर गोष्ट आहे. लागवड करून वाढवलेलं झाड दरवर्षी जितकं वाढेल तितकं उत्पादन झालं, असं ते मानतात. रानात आपोआप उगवलेलं झाड मात्र कुऱ्हाड पडेपर्यंत हिशेबात जन्मालाच येत नाही. बांधावर लावलेला खैर आणि वरच्या डोंगरातला खैर यांच्यात वनस्पतिशास्त्राला काही फरक दिसणार नाही, हिशेबनीसाला दिसतो. कारखान्यातल्या बॉयलरचा घसारा निव्वळ उत्पन्नातून वजा होतो. बोडक्या झालेल्या डोंगराचा होत नाही. दोन-तीन दशकांत तयार झालेला गाभा एका दिवसात विकला, तर ते अख्खं उत्पन्नच. भांडवल मोडून खाल्लं, असं उत्पन्नाचं कुठलंही खातं म्हणत नाही.

22 जुलै 2021 रोजी सावर्ड्याजवळच्या चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं. दुकानांतला माल, घरातली भांडीकुंडी, गाड्या चिखलात गेल्या. हे सारं गेलं म्हणून सकल देशांतर्गत उत्पादनातून (जीडीपी) काही वजा होत नाही. बाजारपेठ बंद राहिली तेवढीच उलाढाल बुडाली. नंतर झालेली दुरुस्ती, नव्या फ्रिजची खरेदी, गाळ उपसणारी यंत्रं हे सगळं मात्र त्यात जमा होतं. एकट्या जंगलतोडीने तो पूर आला नाही; अतिवृष्टी होती, भरतीही होती. पण डोंगर उघडे पडले की माती सुटते आणि नदीच्या पात्रात गाळ होऊन बसते, हे कोकणातल्या माणसाला नव्याने सांगायला नको.

देशाचं उत्पन्न मोजण्याच्या खटाटोपाशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकातच दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे वीस रुपये असल्याचा हिशेब मांडला आणि देशाची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते ते दाखवलं. 1949 साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत अध्यक्ष महालनोबिस यांच्यासोबत धनंजयराव गाडगीळ होते. त्यांचेच चिरंजीव माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला; रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा वेगळा विचारही तिच्याकडे सोपवलेला होता. वडिलांनी ज्या हिशेबाची घडी बसवायला हातभार लावला, त्यात न मावणाऱ्या गोष्टी मुलाने मांडल्या. हे दोन कागद एकत्र वाचायचं काम मात्र राहून गेलं.

ते आता जगभर सुरू झालं आहे. मार्च 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने परिसंस्थांच्या हिशेबाची चौकट स्वीकारली. जंगल किती, त्याची प्रकृती कशी, ते काय काय देतं आणि त्याची किंमत किती, अशा क्रमाने ती जाते. 2025 मध्ये मूळ राष्ट्रीय हिशेबाचे नियमही सुधारले. नैसर्गिक संसाधनांची झीज आता उत्पादनाचा खर्च धरायची आहे. जीडीपीचा आकडा त्याने हलणार नाही, निव्वळ उत्पन्नाचा हलेल. आपल्याकडे पार्थ दासगुप्ता समितीने 2013 मध्येच हरित हिशेबाचा आराखडा दिला होता आणि केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय 2018 पासून पर्यावरणाचे हिशेब प्रसिद्ध करत आहे. त्याच्या वनहिशेबानुसार 2021-22 मध्ये लाकूड आणि इतर वनोपजाचं मूल्य सुमारे 38 हजार कोटी रुपये होतं, म्हणजे जीडीपीच्या 0.16 टक्के. जंगलांनी कार्बन साठवून ठेवण्याचं मूल्य 6.2 लाख कोटींच्या घरात, सुमारे 2.6 टक्के. तोडून मिळतं त्याच्या सोळा पट, तेही फक्त एकाच सेवेचं.

या रुपयांवर माझा विश्वास बेताचाच आहे. कार्बनचा दर बदला, आकडा बदलेल. शिवाय किंमत ठरली की ती भरून मोकळं होणारे भेटतातच. वळवलेल्या वनजमिनीसाठी निव्वळ वर्तमान मूल्य भरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. 2008 मध्ये हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये असे दर ठरले होते. पैसे भरले, जंगल गेलं, फाइल बंद. म्हणून रुपयांआधी हेक्टर, झाडं, पाण्याचे महिने मोजावेत. चिपळूण तालुक्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात काही वाड्यांवर टँकर जातो. वहाळ पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा आणि आता कधी आटतो, एवढी नोंदसुद्धा कोणत्याही किमतीपेक्षा जास्त बोलकी ठरेल.

रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे, त्यामुळे नुसत्या बंदीने फारसं साधत नाही. मुलीचं लग्न, दवाखाना, घराचं छप्पर अशी नड आली की ठेकेदार रोख पैसे घेऊन दारात उभा असतो. शेजारच्या संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने जंगलमालकांशी करार करून रान राखण्याचा मोबदला दिला. ज्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, त्याची फळं प्रमाणित करून चांगल्या भावाने विकायची सोय केली. उभ्या झाडाचंही उत्पन्न कागदावर आलं. सावर्ड्याच्या खैरालाही असा मार्ग हवा: लागवड किती, तोड किती, शिल्लक किती याचा वार्षिक ताळेबंद, कारखान्याच्या दारात तपासता येईल असा.

त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायलाच हवी. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावची नोंदवही मागून बघा, आणि तिच्यात यंदा किती झाडं तुटली हा रकाना नसेल तर तो घालायला लावा.