धडगावचा तीरकामठा घेताना काय बघाल?

अक्राणी तालुक्यात, म्हणजे आपल्या धडगाव भागात, भिल्ल-पावरा कारागिरांचे तीरकामठे आजही हाताने घडतात. बाहेरचा माणूस रंगीत गोंडे बघून भुलतो. गोंड्यांना काही किंमत नाही!

आधी बांबू बघा. भरीव, पक्का, सावकाश सुकलेला हवा. कोवळा बांबू ओढ धरत नाही. मग कामठा हलकेच ओढा. दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत. एक बाजू जास्त झुकली तर तासणी चुकली, आणि ती बाजू पुढेमागे मोडणार. पेरांजवळ बारीक चिरा शोधा.

खरी कारागिरी मात्र दोरीत असते. भिल्लांच्या पारंपरिक कामठ्याची दोरी सुताची नसून बांबूच्याच सालीची चिवट पट्टी असते. ती सलग, एकसारख्या जाडीची निघाली आहे का, कुस सुटलीय का, हे बोट फिरवून कळतं. नायलॉनची दोरी दिसली की समजा, घाईचं काम.

बाण तळहातावर फिरवा, वाकडा लगेच थरथरतो. पातं हलतंय का तेही बघा. चपटं धारदार, खिळ्यासारखं टोकदार, पाखरांसाठी बोथट गाठीचं, असे जुने प्रकार आहेत. अर्थात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा नेम लक्ष्यफळीवरच.

घरी नेल्यावर दोरी उतरवून ठेवा, बाण न लावता ताणून सोडू नका. आणि थेट कारागिराकडून घ्या, घासाघीस न करता.