अकरावीतल्या मुलाचे बीपी १३४/८४ : आधी पट्टा बघा

शिबिरात असा आकडा आला की घरचे एकतर घाबरतात, नाहीतर ‘या वयात कसलं बीपी’ म्हणून हसून सोडून देतात. दोन्ही चूक.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१७ च्या निकषांनुसार १३ वर्षांपुढे १२०/८० च्या आत सामान्य. वरचा आकडा १३० किंवा खालचा ८० गाठला की उच्च रक्तदाब, पण तीन वेगवेगळ्या भेटींत तसेच आले तरच. रांगेत उभे राहून, चहा पिऊन लगेच मोजलेले बीपी धरू नका. पाच मिनिटे शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. आणि दंडाला बांधायचा पट्टा! लहान पडणारा पट्टा आकडा फुगवतो. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, शिबिरात तो बहुधा नसतोच.

नीट मोजूनही पुन्हा वाढलेले आले तर डॉक्टर लघवी-रक्त तपासायला सांगतील. ते टाळू नका. मुलांमध्ये मूत्रपिंडाचा आजार यामागे असू शकतो आणि तो बऱ्याचदा दुखतही नाही. १४०/९० च्या पुढे असेल तर आठवड्याच्या आत डॉक्टर गाठा. सोबत तीव्र डोकेदुखी किंवा धूसर दिसणे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय.

कार्यकर्त्यांनो, चिठ्ठीवर आकड्याखाली फेरतपासणीची तारीखही लिहा.