गडावरील वीज आणि घरची मुले

शिरूर-दौंडकडील मनुष्य हा मैदानावरचा. घोड व भीमा यांच्या काठची ही भूमी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेली. त्यामुळे आकाशात ढग दिसला की आमच्या मनात प्रथम आनंद उत्पन्न होतो, भय नव्हे. वळीव आला की शेतातला गडी जवळच्या कडुलिंबाखाली उभा राहतो व सर ओसरली की पुन्हा कामास लागतो. ही पिढीजात सवय बरोबर घेऊनच आमची मुले हल्ली सुट्टीच्या दिवशी राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड चढू लागली आहेत. गेल्या वैशाखात थोरल्या नातवाने तोरण्याचा बेत सांगितला, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. त्याच्या आजीचे म्हणणे, जाऊच नये. चिरंजीवांचे म्हणणे, जाऊ द्यावे, मुलगा मोठा झाला आहे. माझे मत विचारले गेले तेव्हा मी काही वेळ गप्प राहिलो, त्यास कारण होते.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, मी चौदा विद्यार्थ्यांना घेऊन सिंहगडावर गेलो होतो. भोजन, गप्पा, तानाजीची कथा, या नादात दुपारचे तीन वाजले. पश्चिमेस काळा ढग उभा राहिला होता. मुलांनी तो दाखवलाही; पण ‘एक सर येईल आणि जाईल’ असे म्हणून मी कल्याण दरवाजा पाहण्याचा आग्रह सोडला नाही. वादळ आले तेव्हा मी सर्व मुलांना एका मोठ्या झाडाखाली गोळा केले, एकमेकांचे हात धरावयास सांगितले आणि मध्यभागी छत्री उघडून उभा राहिलो. पन्नासएक पावलांवरच्या दुसऱ्या झाडावर वीज पडली. त्याचे खोड वरपासून खालपर्यंत चिरले. आम्हांपैकी कोणास इजा झाली नाही, यात माझ्या शहाणपणाचा अंशही नव्हता. मी जे जे केले ते ते चुकीचे होते, हे मला पुढे कळले. पालकांना मात्र मी त्या वेळी फक्त ‘पावसात भिजलो’ एवढेच सांगितले. तो अपुरा वृत्तान्त आज पुरा करीत आहे.

त्याच गडावर ११ सप्टेंबर १७५१ रोजी दारूच्या कोठारावर वीज पडून फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले व घरातील सारी माणसे मरण पावली. ते दगडी कोठार आजही उजव्या हातास दाखवतात. मीही मुलांना ते दाखवले होते! आपल्या काळातले उदाहरण पाहावयाचे तर ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेर येथील डोंगरावरच्या बुरुजावर पाऊस पाहण्यास व छायाचित्रे काढण्यास जमलेल्या मंडळींवर वीज कोसळली आणि अकरा जण दगावले.

अमरकोशात विजेस क्षणप्रभा, चंचला, चपला अशी नावे आहेत. ती लहरीपणे कोठेही पडते असे यावरून वाटते. पण तिच्या येण्यास काही रीत आहे. एप्रिल-मे महिन्यांत जमीन दिवसभर तापते, अरबी समुद्राकडून आलेली दमट हवा डोंगरउतारावरून वर ढकलली जाते, आणि दुपारनंतर ढगांचे उंच मनोरे रचले जातात. परतीच्या पावसातही असेच होते. म्हणून या ऋतूंत गड पहाटे चढावा आणि माध्यान्हापूर्वी उतरून यावे, यापेक्षा मोठे संरक्षण नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातात, त्यांस तीनाने भागले असता अंतर किलोमीटरांत मिळते. पण गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आहोत असेच समजावे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील ॲप वीस व चाळीस किलोमीटरांच्या परिघातील विजांची सूचना देते. मात्र गडावर रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा ते पायथ्याशीच पाहून निघावे.

वाटेत गाठलेच तर कडा, बुरूज व माथा सोडून खाली यावे. एकट्या झाडाखाली थांबू नये. उथळ कपारीत शिरू नये; जमिनीतून किंवा खडकावरून वाहणारा प्रवाह तिच्या तोंडाशी बसलेल्यास गाठतो. धातू विजेस आकाशातून ओढून आणतो हा समज फारसा खरा नाही, पण कठडे, शिड्या व तारा यांतून प्रवाह लांबवर जातो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर अशा वेळी असणे म्हणूनच घातक. मंडळींनी एकमेकांपासून दूर दूर व्हावे, म्हणजे एकास लागले तर दुसरा मदतीस उरतो. पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे होऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्यास खुशाल स्पर्श करावा. श्वास बंद असेल तर छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न तत्काळ आरंभावा व १०८ क्रमांकावर कळवावे. देशात काही ठिकाणी अशा रुग्णास शेणात पुरतात. त्यात अमोल वेळ मात्र जातो.

भर पावसाळ्यातला धोका निराळा. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. डोंगरावर पाऊस वाढला की ओढा काही क्षणांत चढतो, आणि प्रवाहातल्या खडकावर उभ्या असलेल्यास परतीची वाट उरत नाही. सहकुटुंब वर्षाविहारास जाणाऱ्या आपल्यासारख्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

असो. नातवास मी सिंहगडाची हकिकत प्रथमच सांगितली. त्याने ती निमूटपणे ऐकली आणि विचारले, “आजोबा, त्या मुलांना तुम्ही नंतर सांगितलंत का?” मी नाही म्हणालो. त्याच्या आजीने अट घातली की मुक्काम वेल्ह्यास करावा, पाचाला चढू लागावे, आणि बाराच्या आत पायथ्याहून फोन यावा. फोन बाराला दहा मिनिटे कमी असताना आला. आकाश निरभ्र आहे, म्हणाला. त्या दिवशी दुपारी वळीव आला तो दौंडलाच. आमच्या पडवीचा पत्रा उडाला, आणि समोरच्या मळ्यातले गडी धावत कडुलिंबाखाली जाऊ लागले, तेव्हा मी दारातून ओरडून त्यांना घरात बोलावले.