मोबाईलवरचा ‘८०८५’ बेरीज बरोबर करतो का? पाच ओळींत तपासा

डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घेतलेल्या पोरांच्या तोंडी ‘८०८५’ हा आकडा हमखास असतो. ही इंटेल कंपनीची प्रोसेसर चिप, १९७६ साली आलेली. लॅबमध्ये तिचं किट असतं, त्यावर बटणं आणि लाल आकड्यांची पट्टी. पण किट थोडी आणि पोरं जास्त. म्हणून बरीच मुलं घरी मोबाईलवर नाहीतर लॅपटॉपवर ८०८५ चा एम्युलेटर टाकून सराव करतात. गावाकडून एसटीने ये-जा करणाऱ्या पोरांना तर त्याचा मोठाच आधार.

एम्युलेटर म्हणजे नक्कल. मोबाईलच्या आतली चिप वेगळ्याच जातीची असते, तिला ८०८५ ची भाषा कळत नाही. मग कुणीतरी बसून एक प्रोग्राम लिहितो. हा आदेश आला की खऱ्या चिपमध्ये काय होईल, तसंच इथं करायचं. असे २४६ आदेश-कोड आहेत. माणसानं हातानं लिहिलेलं काम, कुठंतरी चूक राहू शकते. आणि राहिली तर पोराला कळणार कसं? त्याला वाटणार आपलाच प्रोग्राम चुकला.

तपासायचा सोपा मार्ग आहे. ८०८५ मध्ये दशमान बेरजेसाठी ‘डीएए’ नावाचा आदेश आहे. चिप मुळात सोळाच्या हिशोबात मोजते. आपण ३८ आणि ४५ अंक जसेच्या तसे भरले, तर तिची बेरीज ‘७डी’ येते. ८ आणि ५ मिळून १३, आणि १३ ला सोळाच्या हिशोबात ‘डी’ म्हणतात. डीएए बघतो, की उजवा अंक ९ च्या वर गेलाय. मग त्यात ६ मिळवतो, कारण सोळा आणि दहा यांच्यात फरक सहाचा. उत्तर ८३. बरोबर.

आता २९ आणि १८ घ्या. ९ आणि ८ झाले १७. चिपनं त्यातले १६ हातचा म्हणून डावीकडं ढकलले, उजवीकडं उरला १. बेरीज दिसते ४१. इथं उजवा अंक ९ च्या आतच आहे, म्हणजे नुसता अंक बघून काहीच कळत नाही. पण हातचा गेला याची नोंद चिप एका बिटात ठेवते. त्याला ‘ऑक्झिलरी कॅरी’ फ्लॅग म्हणतात, आपण मधला हातचा म्हणू. डीएए ती नोंद बघून ६ मिळवतो, तेव्हा ४७ येतात.

ज्यानं नक्कल लिहिताना हा मधला हातचा विसरला, त्याच्या एम्युलेटरवर ३८ अधिक ४५ अगदी बरोबर येईल आणि २९ अधिक १८ चे ४१ येतील. क्विंटलात धरा, सहा क्विंटल माल गायब! कुठं लाल दिवा नाही, कुठं सूचना नाही. त्यामुळं एक बेरीज बरोबर आली म्हणून एम्युलेटर पास करायचा नसतो.

तपासणीचा प्रोग्राम एवढाच:

एमव्हीआय ए, २९एच
एमव्हीआय बी, १८एच
एडीडी बी
डीएए
एचएलटी

थांबल्यावर ‘ए’ रजिस्टरमध्ये ४७ दिसले पाहिजेत. मग आकडे बदलून ९९ आणि ०१ द्या. ‘ए’मध्ये ०० आणि कॅरी फ्लॅग १ दिसला पाहिजे, म्हणजे शंभर.

फ्लॅग स्क्रीनवर दाखवतात तेवढ्यावर विसंबू नका. सुरुवातीला ‘एलएक्सआय एसपी’नं स्टॅक ठरवून घ्या आणि एडीडी नंतर लगेच ‘पुश पीएसडब्ल्यू’, ‘पॉप डी’ करा. सगळे फ्लॅग ‘ई’ रजिस्टरमध्ये उतरतात. २९ आणि १८ च्या बेरजेनंतर त्यातला उजवीकडून पाचवा बिट १ असायला हवा. तो मधला हातचा.

उत्तर चुकवणारी नक्कल निदान पकडली तरी जाते. माझ्या मते त्याहून वाईट ती, जी लाड करते. ‘डीसीएक्स’ आदेश सोळा बिटांच्या जोडीतून एक वजा करतो, पण शून्य झालं तरी झिरो फ्लॅग हलवत नाही. बरीच पोरं डीसीएक्स लिहून त्याच्याखाली ‘जेएनझेड’ टाकतात आणि लूप आपोआप थांबेल असं धरतात. एखाद्या एम्युलेटरनं चुकून इथं फ्लॅग लावला, तर चुकीचा प्रोग्राम घरी मस्त चालतो. प्रॅक्टिकलच्या दिवशी खऱ्या किटवर तोच लूप एक तर पहिल्याच फेरीत सुटतो, नाहीतर थांबतच नाही. परीक्षक समोर उभे, आणि पोरगं म्हणतंय ‘सर, घरी चालत होता’. मार्क त्याचे जातात, ॲप बनवणाऱ्याचे नाही.

अजून एक जागा. ८०८५ च्या आधीची चिप ८०८०. दोघींचे बहुतेक आदेश सारखेच, म्हणून ८०८० ची नक्कल उचलून नाव बदलण्याचा मोह होऊ शकतो. पण ‘एएनए’ आदेशानंतर ८०८५ मधला हातचा कायम १ करते, ८०८० मात्र दोन्ही आकड्यांचे ठरावीक बिट बघून ठरवते. ‘ए’ आणि ‘बी’ दोन्हीत ०१ भरून ‘एएनए बी’ चालवा. ८०८५ असेल तर मधला हातचा १, ८०८० ची नक्कल असेल तर ०.

पूर्ण तपासणी करायची तर किती बेरजा? आठ बिटांच्या दोन आकड्यांच्या ६५,५३६ जोड्या होतात. हातानं आयुष्य जाईल, लॅपटॉपला क्षणभराचं काम. अडचण वेगळीच आहे. तपासणारा प्रोग्रामही त्याच एम्युलेटरवर चालतो. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही सारख्याच चुकल्या, तर मिळवून वजा केल्यावर मूळ आकडा परत येणार आणि तपासणी पास. काट्याची परीक्षा त्याच काट्यावर तोललेल्या दगडानं घेतल्यासारखं. बाजारातल्या काट्याला वैधमापनवाले शिक्क्याची वजनं लावून बघतात, तसं इथं बरोबर उत्तर बाहेरून आणावं लागतं. खऱ्या चिपवरून, नाहीतर कागदावर सोडवून.

याचं नावाजलेलं उदाहरण म्हणजे झेड-८० या चिपसाठी फ्रँक क्रिंगल यांनी १९९४ मध्ये केलेला तपासणी प्रोग्राम. तो एकेका आदेशाला ढीगभर आकडे देतो आणि सगळ्या निकालांचा मिळून एक सांकेतिक आकडा काढतो. तो खऱ्या चिपवर आलेल्या आकड्याशी जुळवायचा. एका बिटाचा फरक असला तरी जुळत नाही. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. एक पुस्तकात लिहिलेले फ्लॅग तेवढेच बघते, दुसरी पुस्तकात नसलेले बिटसुद्धा.

आपल्या पोरांना एवढं करायची गरज नाही. वरच्या पाच ओळी आणि डीसीएक्सचा लूप आधी मोबाईलवर चालवा, मग लॅबमध्ये पाळी आली की त्याच ओळी किटवर घाला. उत्तरं वहीत शेजारी-शेजारी लिहा. फरक दिसला तर ॲपचं नाव, आवृत्ती आणि त्या ओळी सरांना दाखवा, ॲप बनवणाऱ्यालाही कळवा. नुसतं ‘ॲप चुकतंय’ म्हणून नका पाठवू. कोणत्या आदेशाला काय यायला हवं होतं आणि काय आलं, ते लिहा.